समोरच तर आहे

कौसानीतल्या खुर्च्या सगळ्या उत्तरेकडे तोंड करून मांडलेल्या असतात. हॉटेलांच्या गच्चीवरच्या, चहाच्या टपरीपुढच्या, अनासक्ती आश्रमाच्या अंगणातल्या. प्लास्टिकच्या, वेताच्या, एखादी पाय मोडल्यामुळे विटेवर टेकवलेली. पाहुणा आला की सामान खोलीत नेण्याआधी खुर्चीत बसतो आणि तिकडे बघू लागतो. पश्चिमेच्या चौखंब्यापासून पूर्वेच्या पंचाचूलीपर्यंत बर्फाची रांग, मधोमध त्रिशूल, त्याच्या उजव्या हाताला जरा मागे सरून उभी असलेली नंदादेवी. मीही तसाच बसलो. दिवाळी उरकून आम्ही नागपूरहून आलो होतो, हवा स्वच्छ होती, आणि बर्फ इतका जवळ दिसत होता की कोणीतरी रात्रीतून आणून ठेवला असावा.

ज्या घराचा वरचा मजला आम्हाला राहायला मिळाला होता, त्या घरातली म्हातारी मात्र त्या खुर्च्यांवर कधी बसली नाही. तिला सगळे आमा म्हणत. तिची जागा घराच्या दुसऱ्या अंगाला, दक्षिणेच्या अंगणात. तिथे ऊन लवकर यायचं. हिमालयाकडे पाठ करून ती काळे भट्ट, म्हणजे तिकडचं काळं सोयाबीन, निवडत बसायची. पहाडातली जुनी घरंही अशीच, जमेल तिथे उन्हाकडे तोंड करून बांधलेली. उन्हासाठी घराचं तोंड फिरवावं, हे नागपूरच्या माणसाला पटायला वेळ लागतो. आमचं अर्धं आयुष्य त्याला बाहेर ठेवण्यात जातं. मार्च लागला की कूलरच्या ताट्या बदलायच्या, खिडक्यांना जाड पडदे लावायचे, आणि बाहेर पडताना डोक्याला दुपट्टा असा गुंडाळायचा की शेजाऱ्यानेही ओळखू नये.

आम्ही सपाट मुलखातले. नागपुरात जे दिसतं ते गाठता येतं. गच्चीवरून सेमिनरी हिलची झाडी दिसते. निघालं की थोड्या वेळात माणूस तिथे पोचतो. फार दूरचं काही दिसतच नाही, त्यामुळे दूरच्याची हावही लागत नाही. वर्धा रोडवर मे महिन्याच्या दुपारी डांबरावर पाणी चमकतं, न गाठता येणारं असं आमच्याकडे तेवढंच. बाकी डोळा आणि पाय यांचं आमच्या गावात बरं चालतं.

नकाशा काढून बघितला तर नागपूर 79 रेखांशाच्या किंचित पुढे आहे आणि कौसानी साडेएकोणऐंशीच्या किंचित पुढे. म्हणजे झिरो माइलच्या खांबापासून नाकासमोर उत्तर धरली, वाटेत जरासं उजवीकडे सरकलं, तर साडेनऊशे किलोमीटरच्या थोडं पुढे कौसानी लागावी. दोन्हीकडे सूर्य जवळपास एकाच वेळी माथ्यावर येतो. एकीकडे त्याची वाट बघतात, दुसरीकडे त्याला चुकवतात.

या उत्तरेच्या वाटेने आमच्याकडून एकजण फार पूर्वी गेलेला आहे. कालिदासाचा रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं वा. वि. मिराशींनी साधार मांडलं, आणि त्यामुळे मेघदूत हे नागपूरकराला जरा घरचंच प्रकरण वाटतं. दिल्लीच्या गाडीत बसलं की होशंगाबादेला, आताच्या नर्मदापुरमला, रेवा म्हणजे नर्मदा लागते, पुढे विदिशा, ग्वाल्हेर सुटल्यावर चंबळ. यक्षाचा निरोप नेणाऱ्या ढगालाही हेच सगळं लागलं होतं. फक्त यक्षाने त्याला वाट वाकडी करून उज्जयिनीला जायला लावलं, आणि आमच्या गाडीला तेवढी फुरसत नसते. मला या काव्यात नेहमी गंमत वाटत आली ती त्या यक्षाच्या आरामाची. दमलास तर डोंगराच्या माथ्यावर टेक, हलका झालास तर नदीचं पाणी पी, अशा सूचना देत तो रामटेकला बसून आहे. अख्खा प्रवास डोळ्यांनी केलेला. पाय कुणाचेच दुखत नाहीत.

पाय दुखायला सुरुवात होते काठगोदामच्या पुढे. तिथे रूळ संपतात. मग भवाली, खैरना, अल्मोडा, सोमेश्वर. अल्मोड्याला बालमिठाईचे खोके घ्यायला गाडी थांबते, ती थांबतेच. रस्ता कितीतरी वेळ कोसीच्या काठाने चढतो, आणि या कोसीचा उगम कौसानीजवळच्याच डोंगरात आहे. आता किती राहिलं, असं ड्रायव्हरला विचारलं की तो हनुवटीने दाखवून म्हणतो, ‘‘बस, सामने ही तो है.’’ समोर ते खरंच असतं. दरीपलीकडे, पत्र्याची छपरं मोजता येतील असं. पण गाडी समोर जात नाही. ती आधी भलत्या दिशेला जाते, एका नाल्यापर्यंत डोंगराच्या पोटात शिरते, पूल ओलांडते, पुन्हा बाहेर येते, आणि तोवर समोरचं गाव मागे गेलेलं असतं. तासाभराने तोच प्रश्न, तेच उत्तर.

पहाडात डोळ्याचं अंतर वेगळं आणि पायाचं वेगळं, हे तिथे पहिल्यांदा जाणवलं. नंतर ते पाठ सोडेना. त्रिशूल आमच्या कठड्यापासून सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटर, म्हणजे नागपूरहून रामटेक रस्त्याने आहे त्याहून फार जास्त नाही. आणि खालच्या उतारावरचं एक वाडीवजा गाव तर हाकेच्या टप्प्यात होतं. तिथला कोंबडा आरवला की आम्ही उठायचो. एका सकाळी मी तिकडे चालत गेलो. उतरताना गुडघे बोलू लागले आणि चढताना छाती. पोचलो तेव्हा चुलीवर दुपारचं काही शिजायला लागलं होतं. वाटेत कमरेला विळा आणि खांद्यावर दोर टाकलेल्या दोघी मला मागे टाकून गेल्या. मी ओढ्यापाशी दम खात बसलो असताना त्या गवताचे भारे घेऊन परतही निघाल्या होत्या. थंडी पडण्याआधी गवत कापून घरी आणायचं, वाळवून त्याच्या गंज्या रचायच्या, त्यावर गाईगुरांचा हिवाळा काढायचा, हे त्या दिवसांत तिथे सगळ्या बायकांचं काम असतं. त्रिशूलाकडे बघायला त्यांनी मान वर केली असती तर भारा पडला असता.

शेजारच्या घरात आमच्याच गावचे, महालातले एक काका उतरले होते. कानटोपी, स्वेटर, त्यावर शाल, आणि हातात मोबाइल. मोबाइल शिखरांसमोर धरला की त्यावर नावं उमटत. ‘‘हे पाहा जी, मैकतोली. हे नंदाकोट. आन् हे तुमचं नंदादेवी, सात हजार आठशे सोळा मीटर.’’ मग मोबाइल खाली करून त्यांनी विचारलं, ‘‘पण मोजलं कसं असन? टेप घेऊन वरती कोन गेलं असन?’’

प्रश्न चेष्टेचा नव्हता, आणि त्याच्या उत्तराचा एक तुकडा वर्धा जिल्ह्यात पडलेला आहे. 1802 साली मद्रासेहून विल्यम लॅम्बटनने भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. टेकडीवरून टेकडी बघायची, कोन घ्यायचा, त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकायचं. असं वीस वर्षं सरकत तो हिंगणघाटपर्यंत आला आणि नागपूरच्या वाटेवर असतानाच जानेवारी 1823 मध्ये तिथे वारला. त्याची कबर हिंगणघाटला आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ती साखळी हिमालयाच्या पायथ्याला नेऊन टेकवली. शिखरांच्या उंच्या काढल्या त्या अशाच लांबून, कोनांवरून. मोजणारा शिखराच्या वाऱ्यालाही गेलेला नव्हता. नंदादेवीच्या माथ्यावर माणसाचा पाय लागला तो थेट 1936 मध्ये, टिलमन आणि ओडेल यांचा. तोवर ती डोळ्यांनीच मोजलेली, डोळ्यांनीच चढलेली. मात्र ज्या यंत्रातून लॅम्बटन बघायचा ते सुमारे अर्धा टन वजनाचं होतं, आणि ते प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर खांद्यांवरूनच गेलेलं असणार. मी काकांना हे सगळं सांगितलं. ‘‘हिंगणघाटले? आमची मावशी राहते तिथं,’’ ते म्हणाले, आणि पुन्हा मोबाइल वर धरला.

आमाशी माझं बोलणं दुभाष्यामार्फत चाले. ती कुमाऊँनीत बोले, तिचा मुलगा ते हिंदीत आणी. नागपूरच्या माणसाला हिंदीची अडचण नसते, त्यामुळे काम भागे. सोबत संत्री नेली होती, आंबिया बहाराची, दोन पिशव्या भरून. एक सोलून तिने तोंडात टाकलं, मान हलवली आणि आत गेली. तिकडे थंडीत मोठं लिंबू सोलून, त्याच्या फोडी दह्यात कालवून, त्यात भाजून वाटलेल्या भांगेच्या बिया, मीठ-मिरची आणि थोडा गोडवा घालून सगळ्यांनी उन्हात बसून खायची पद्धत आहे. (बियांनी नशा होत नाही. कूट आपल्या तिळाच्या कुटासारखं खमंग लागतं.) आमाने आमची संत्री त्याच वाटेला लावली. नागपूरला कोणी दह्या-मिरचीत संत्रं कालवलं तर घरातली मोठी माणसं काय म्हणतील ते मी इथे लिहीत नाही. पण पातेलं पुसून निघालं. बाकी जेवण साधं होतं. मडव्याची, म्हणजे नाचणीची भाकर, भट्टाची चुडकाणी, कधी गहतची डाळ, म्हणजे आपले कुळीथ. सावजीच्या तर्रीवर वाढलेल्या जिभेला पहिल्या दिवशी ते पथ्याचं वाटलं, नंतर नाही वाटलं.

दही खाता खाता मी आमाला विचारलं, तुम्ही कधी तिकडे बघत बसत नाही? मुलाने विचारलं, ती हसली, आणि मुलाने सांगितलं त्याचं मराठी असं होईल : त्यात बघायचं काय? आमची लेक दिली आहे तिकडे.

नंदा ही त्या मुलखाची लेक. हिमालयात शंकराला दिलेली. बर्फ हे तिचं सासर आणि खालची गावं माहेर. गढवालात नौटी गावाहून सुमारे बारा वर्षांनी तिची राजजात निघते, लेकीला सासरी पोचवण्याची यात्रा. 2000 मध्ये निघाली होती, मग 2014 मध्ये. कुमाऊँकडच्या डोल्याही वाटेत येऊन मिळतात. सगळ्यांत पुढे चार शिंगांचा मेंढा चालतो, त्याच्या पाठीवर लेकीचं माहेरचं सामान. अडीचशे किलोमीटरहून जास्त वाट आहे, जवळजवळ तीन आठवडे चालायची, शेवटी शेवटी अनवाणी, खडक आणि बर्फावरून. त्रिशूलाच्या खालच्या अंगाला होमकुंडापाशी पूजा होते, आणि तिथून मेंढ्याला एकट्याला पुढे सोडून माणसं परत फिरतात. बायका रडतात. लेक सासरी पाठवताना रडतात तशाच.

आमच्याकडेही भाद्रपदात गौरी माहेरी येतात. नागपुरात त्यांना महालक्ष्म्या म्हणतात. अनुराधेवर आणायच्या, ज्येष्ठेवर जेवायला घालायचं, मुळावर बोळवायच्या. नंदेची मोठी जत्रा अल्मोड्याला भरते ती नंदाष्टमीला, भाद्रपद शुद्ध अष्टमीला, म्हणजे आमच्या घरी पुरण शिजत असतं साधारण त्याच सुमारास. लहानपणी मला दारापासून आतपर्यंत रांगोळीची पावलं काढायचं काम असायचं. मुखवटे हातात घेऊन घरभर फिरवायचे, हे काय ते दाखवायचं, ती कोठीची खोली, ही तिजोरी, आणि ‘‘कशाच्या पावलांनी आली?’’ असं विचारायचं. आंबील, सोळा भाज्या, पडवळाची कढी. तिसऱ्या दिवशी आई मुखवटे फडक्यात बांधून कपाटात ठेवायची, आणि तेवढ्यात त्या सासरी पोचायच्या. आम्ही त्यांची पावलं काढली, चाललो कधीच नाही. त्या कुठे जातात ते घरातून दिसतही नव्हतं. आमाच्या माणसांना लेकीचं सासर रोज सकाळी गच्चीतून दिसतं आणि पोचवायला जायचं तर तीन आठवडे लागतात. रोज दिसत असलेल्या सासराकडे पाठ करून का बसावं, याचा मी मग फार विचार केला नाही.

गांधीजी कौसानीत जून 1929 मध्ये राहिले. गीतेच्या त्यांच्या अनुवादाची, ‘अनासक्तियोग’ची प्रस्तावना त्यांनी इथेच लिहून पुरी केली, पुस्तक आलं ते 12 मार्च 1930 ला, दांडीला निघाले त्या दिवशी. ते उतरले होते त्या बंगल्याचाच आता अनासक्ती आश्रम झाला आहे. कौसानीच्या प्रत्येक माहितीफलकावर हे आहे, त्यामुळे मी लांबवत नाही. फलकावर सहसा नसतं ते निराळंच.

कौसानीच्या खाली कत्यूरचं खोरं आहे. त्यात बैजनाथची जुनी देवळं, आणि त्यांना लागून वाहणारी गोमती बागेश्वरला जाऊन सरयूला मिळते. इंग्रजी अमलात कुमाऊँच्या गावांवर कुली-बेगार होती. साहेब दौऱ्यावर किंवा शिकारीला निघाला की त्याचे तंबू, पेट्या, बंदुका गावकऱ्यांनी पाठीवर वाहायच्या, फुकट. पाळी कुणाची, त्याच्या वह्या गावच्या प्रधानाकडे असत. डिसेंबर 1920 मध्ये बद्रीदत्त पांडे, हरगोविंद पंत, गोविंद वल्लभ पंत आणि त्यांचे सोबती काँग्रेसच्या अधिवेशनाला गेले, ते नागपूरला. आमच्या काँग्रेसनगरला ज्याच्यावरून नाव पडलं तेच अधिवेशन. त्यांना गांधीजींना कुमाऊँत न्यायचं होतं. गांधीजींना तेव्हा सवड नव्हती. मंडळी परत गेली, आणि काही आठवड्यांतच, जानेवारी 1921 मध्ये, बागेश्वरच्या उत्तरायणी मेळ्यात, संक्रांतीच्या सुमाराला, बेगारीच्या वह्या सरयूत फेकल्या गेल्या. बेगार बुडाली ती कायमची. आपल्या गावाचा या गोष्टीत एवढाच हात, तोही पाहुणचारापुरता. तरी बैजनाथच्या घाटावर बसून गोमतीचं पाणी पुढे जाताना बघत असताना मला धंतोली-काँग्रेसनगरचे रस्ते आठवले, आणि वाटलं, हे आम्हाला शाळेत सांगायला हवं होतं. साहेबही पहाडात बघायलाच यायचा. त्याचं बघणं ज्यांच्या पाठीवरून चालायचं, त्यांनी एका दिवशी पाठ काढून घेतली.

दुसरा धागा सेवाग्रामचा. कॅथरीन हाइलमन ही लंडनची मुलगी 1932 मध्ये भारतात आली, उदयपूरला शाळेत शिकवलं, मग सेवाग्रामला गांधीजींजवळ राहिली, नई तालीमच्या कामात पडली. तिथे तिची सरलाबेन झाली. पण वर्ध्याचा उन्हाळा आणि मलेरिया यांनी तिला टेकीला आणलं. (वर्ध्याचा उन्हाळा म्हणजे काय ते मी सांगू नये, आमचा तोच.) 1941 मध्ये तिला इकडे पाठवण्यात आलं, तब्येत सुधारायला. हवा मानवली. एवढ्यावर कुणीही त्या थंड हवेत, समोर ती शिखरं ठेवून, निवांत राहिलं असतं. बेचाळीसचा लढा लागला, पहाडातले पुरुष तुरुंगात गेले, आणि ही गोरी बाई त्यांच्या घरांची विचारपूस करत गावोगाव पायी फिरू लागली. सरकारने तिलाही तुरुंगात घातलं. सुटल्यावर 1946 मध्ये तिने कौसानीला मुलींसाठी लक्ष्मी आश्रम काढला. ज्या घरांत मुलगी म्हणजे गवत, पाणी आणि लाकूड आणणारे दोन हात, त्या घरांतून मुली मागून आणणं सोपं नसणार. पुढे चिपको आंदोलनात जी माणसं उभी राहिली, त्यांतल्या कितीतरी जणांमागे ही बाई आहे. विमला बहुगुणा तिच्याच विद्यार्थिनी, राधा भट्टही. 1982 मध्ये ती पहाडातच वारली.

लक्ष्मी आश्रमाकडे झाडीतून चढ चढून जावं लागतं. मी गेलो तेव्हा मुलींची कामाची वेळ होती. कुणी शेतात, कुणी गोठ्यात. पाहुण्यांसाठी कुणी काम थांबवलं नाही, आणि ते बरं वाटलं. हिमालयात जाऊन शांती मिळाल्याचं आपल्याकडे पुष्कळ लिहिलं जातं. त्यात खोटं काही नसेल; पण ती शांती खुर्चीतली असते, आणि खुर्ची दुसऱ्या कुणीतरी वर वाहून आणलेली असते. सरलाबेनच्या वाट्याला शांती आली की नाही मला माहीत नाही. तिला काम मिळालं. त्या दोन्हींत मला तिचं काम जास्त पटतं.

आमाचा धाकटा मुलगा हल्द्वानीला असतो, नातू दिल्लीत. वाडीतल्या बऱ्याच घरांना कुलपं आहेत, काहींच्या अंगणात पुरुषभर गवत. सपाटीवरचे आम्ही थंडीसाठी वर चढतो आणि तिथली पोरं नोकरीसाठी खाली उतरतात. रानीखेत एक्सप्रेसला दोघांची गाठ पडते, इतकंच.

तुम्ही जाणार असाल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊ नका. नागपूरची निम्मी माणसं मे महिन्यात निघतात, कारण तेव्हा इथे राहवत नाही. पण त्याच दिवसांत तिकडे चिडाच्या वाळक्या सुयांनी जंगलं पेटतात, दऱ्यांत धूर भरतो, आणि खुर्चीत बसून समोर काहीही दिसत नाही. दिवाळीनंतर जा. चांगल्या पकडीचे बूट न्या. समोरच्या एखाद्या गावापर्यंत एकदा तरी पायी जाऊन या, आणि परतीचं काठगोदामचं तिकीट निघण्यापूर्वीच काढून ठेवा. ऐनवेळी ते मिळत नाही.